छपराचा पर्गोला आणि डेक स्वतः बांधताना: हिशेब वरून खाली, काम खालून वर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या मोकळ्या जागेत १२ × १६ फुटांचा लाकडी डेक करायचा आहे आणि त्याच्या साधारण अर्ध्या भागावर छप्पर असलेला पर्गोला (खांबांवर उभा केलेला मांडव) हवा आहे. मागच्या दाराचा उंबरा जमिनीपासून ३ फूट उंच आहे. हाताशी नेहमीची हत्यारं आहेत आणि मदतीला भाऊ आहे. डेक घराच्या भिंतीला जोडावा की वेगळा उभा करावा, पर्गोल्याचे खांब डेकवर उभे करता येतील का, आणि सुतार-गवंडी न लावता हे जमेल का?

जमेल. यात फार अवघड असं एकही काम नाही. सोपी कामं मात्र पुष्कळ आहेत आणि ती क्रमाने करावी लागतात. माझी हरकत तुमच्या क्रमालाच आहे. 'आधी डेक उरकतो, पर्गोला पुढच्या वर्षी वर बसवतो' असं तुम्ही लिहिलंय. काम खालून वर जातं हे खरं, पण हिशेब वरून खाली यावा लागतो. छप्पर केवढं आणि त्याचे खांब नेमके कुठे, हे कागदावर पक्कं होईपर्यंत पहिला खड्डा मारू नका. नाहीतर पुढच्या वर्षी फळ्यांवर लोखंडी पाय ठेवून त्यात खांब उभे करायची पाळी येते. डेकची फळी जेमतेम १ इंच जाड असते. तिच्यात घुसलेल्या चार स्क्रूंच्या भरवशावर छप्पर ठेवायचं नसतं.

नुसत्या पट्ट्यांचा पर्गोला आणि छपराचा पर्गोला या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत. पट्ट्यांमधून वारा निघून जातो. वर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट टाकलं की ती मोठी उघडी छत्री होते आणि वारा तिला खालून उचलू लागतो. ताशी १०८ किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला ५६ किलोंच्या आसपास भरतो. तुमचं छप्पर वळचणीसकट ९ × ११ फूट धरलं तर ते सुमारे ९ चौरस मीटर होतं, म्हणजे ५०० किलोंची उचल. उलट खांब, तुळया, वासे आणि पत्रे मिळून त्या सगळ्या सांगाड्याचं वजन अडीचशे-तीनशे किलोंच्या पुढे जात नाही. उरलेला भार धरून ठेवायचं काम पायातल्या काँक्रीटचं. २० इंच व्यासाचा, ३ फूट खोल काँक्रीटचा एक पाया ४४० किलोंच्या आसपास भरतो. असे चार असले की वजन भरपूर झालं. पण ते वजन छपरापर्यंत पोचलं पाहिजे. पत्रा रिपेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब काँक्रीटला, यांतला प्रत्येक सांधा वरच्या दिशेने ओढला तरी सुटता कामा नये. उभा ठोकलेला खिळा अशा ओढीत सरळ उपसून येतो. म्हणून वाशांना लोखंडी पट्ट्यांचे टाय आणि तुळयांना आरपार बोल्ट.

आता भिंतीचं. स्वतः करणाऱ्याला माझा सल्ला नेहमी एकच असतो: डेक वेगळा उभा करा आणि भिंतीपासून इंच-दीड इंच फट ठेवा. भिंतीला लेजर पट्टी बसवून तिच्यावर डेकची एक बाजू टेकवता येते, दोन-तीन पाये वाचतात, हे मान्य. पण ती पट्टी कशात रुतली आहे हे बाहेरून कळत नाही. भिंतीवर नुसती शोभेची विटांची कातडी असेल तर बोल्टला पकड नसते. शिवाय पट्टीच्या मागे पाणी झिरपलं तर ते वर्षानुवर्षं दिसत नाही. कोसळणाऱ्या डेकांत बहुतेक वेळा हाच सांधा आधी सुटतो. अमेरिकेतल्या बर्कलीमध्ये २०१५ साली एका इमारतीची बाल्कनी तुटून ६ तरुण गेले. भिंतीतून बाहेर आलेल्या तिच्या कड्या (वरच्या फळ्या पेलणारी आडवी लाकडं) आत शिरलेल्या पाण्याने कुजल्या होत्या आणि वरून काहीच दिसत नव्हतं. वेगळ्या डेकला दोन-तीन जास्तीचे पाये लागतात, त्याच्या बदल्यात घराच्या भिंतीला एकही भोक पडत नाही.

मग आराखडा असा. १६ फुटांच्या दोन तुळया, एक घराकडे, एक बागेकडे, दोन्ही डेकच्या कडेपासून दीड फूट आत. त्यांच्यावर १२ फुटांच्या कड्या आडव्या. म्हणजे कडीचा मधला गाळा ९ फूट आणि दोन्हीकडे दीड फूट बाहेर. बाहेर झुकणारा भाग मधल्या गाळ्याच्या पावपटीहून जास्त नको, तो नियम इथे आरामात पाळला जातो. प्रत्येक तुळईखाली तीन खांब, दोन्ही टोकांपासून १ फूट आत, म्हणजे ७-७ फुटांवर. एकूण सहा पाये. त्यांतले एका अर्ध्या भागाचे चार खांब थेट वर जाऊन पर्गोल्याचे खांब होतात: ७ × ९ फुटांचा चौक. वेगळ्या खांबांचा प्रश्नच मिटला.

भाराचं गणित लोकांना उगाच भीतिदायक वाटतं. माणसं, सामान आणि डेकचं स्वतःचं वजन मिळून दर चौरस फुटाला २३ किलो धरायचे. मधल्या खांबाच्या वाट्याला ७ × ६ = ४२ चौरस फूट येतात, म्हणजे ९६६ किलो. छपराचे सव्वातीनशे त्यात मिळवले की तेराशेच्या जवळ. साध्या चिकणमातीचा भार पेलायचा आकडा चौरस फुटाला ६८० किलो धरतात. भागाकार केला की १.९ चौरस फूट येतात, म्हणजे १९ इंच व्यासाचा गोल. मधल्या खांबावर प्रत्यक्षात थोडा जास्तच भार येतो, म्हणून २० इंच. कोपऱ्यांना कमी चालेल, पण सहा खड्डे एकाच मापाचे ठेवा. वाचणारं काँक्रीट थोडंसंच असतं आणि तीन मापांचे साचे सांभाळण्याचा ताप नको. बर्फ पडणाऱ्या जागी छपराचा आकडा पार बदलतो, तिथे स्थानिक बर्फाचा भार धरूनच हे गणित पुन्हा करा.

खोली मातीवर ठरते. जमीन गोठत असेल तर गोठणाऱ्या थराच्या खाली जायचं, नसेल तर न हललेल्या मूळ मातीपर्यंत. यात घराकडच्या तीन खड्ड्यांची मेख आहे. घराचा पाया भरताना भिंतीलगतची माती उकरून पुन्हा लोटलेली असते. ती दिसायला घट्ट, पण वर्षानुवर्षं बसत राहते. खणताना विटांचे तुकडे, सिमेंटची ढेकळं, जुनी पिशवी लागली तर ती भरावाची माती समजा आणि खाली जात राहा. तिथे ३ फुटांवर थांबलात तर दोन पावसाळ्यांत डेक घराकडे कलतो. आणि खणण्याआधी जमिनीखालच्या केबल, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाटा शोधून घ्या. बांधकामाची परवानगी लागते का तेही याच वेळी विचारा. छप्पर आलं की बऱ्याच ठिकाणी लागते.

आखणीत तुमचं नशीब चांगलं आहे. १२ आणि १६ या मापांचा कर्ण बरोबर २० फूट येतो, त्यामुळे काटकोन तपासायला वेगळं गणित नको. दोन्ही कर्ण २० फूट भरले की चौकोन नीट. दोरी मात्र कोपऱ्यातल्या खुंटीला बांधू नका; कोपऱ्यापलीकडे दोन-तीन फुटांवर आडव्या पट्ट्या ठोकून तिथे बांधा, म्हणजे खणताना खुंटी उखडत नाही आणि दोरी हवी तेव्हा काढून परत त्याच खिळ्याला लावता येते. पातळीसाठी पारदर्शक नळीत पाणी भरलं की पुरे. १६ फुटांच्या अंतरावर छोट्या पाणसळीपेक्षा ती भरवशाची.

काँक्रीट १ : १.५ : ३ चं. त्याचा माथा जमिनीच्या ४ इंच वर ठेवा आणि थापीने चहूबाजूंना ढाळ द्या. खांब काँक्रीटमध्ये पुरू नका. पुरलेलं लाकूड कुजतं ते तळाशी नाही, जमिनीच्या रेषेवर, जिथे ओलावाही असतो आणि हवाही. त्याऐवजी माथ्यात गॅल्व्हनाइज्ड पोस्ट बेस बसवा, जो खांबाचं बूड इंचभर वर धरतो. काँक्रीट आठवडाभर ओलं ठेवा आणि तोवर त्याच्यावर काहीही उभं करू नका.

सगळ्यात विचार करायची जागा आता येते: वर जाणाऱ्या खांबाला तुळई टेकवायची कशी? खांब ६ × ६ चा घ्या, खरं माप साडेपाच इंच (पुढच्या लाकडांचीही खरी मापं अशीच नावापेक्षा थोडी कमी असतात). बरेच लोक त्यात ३ इंचांची खाच मारून तुळई आत बसवतात. डेकपुरत्या खांबाला ते ठीक आहे, कारण तुळईच्या वर खांब संपतो. इथे तो आणखी आठ फूट वर जाऊन वाऱ्यात छप्पर धरणार आहे, आणि नेमका हलणाऱ्या जागी तुम्ही तो अडीच इंचांचा करून ठेवणार. खाच नको. खांब अख्खा वर जाऊ द्या आणि त्याला चिकटून ४ × ६ चा आखूड जोडखांब उभा करा. जोडखांबाचं बूड त्याच पायावर, वेगळ्या पोस्ट बेसमध्ये, आणि अर्ध्या इंचाच्या दोन बोल्टांनी तो मोठ्या खांबाला जखडलेला. तुळई जोडखांबाच्या डोक्यावर टेकते आणि बाजूने मोठ्या खांबाला बोल्टने बांधली जाते. भार लाकडावर लाकूड टेकून खाली जातो, बोल्टांच्या कातरीवर (त्यांना आडवं कापू पाहणाऱ्या जोरावर) नाही. दोघे मिळून ९ इंच जागा घेतात, ती २० इंचांच्या माथ्यावर सहज मावते. उरलेल्या दोन खांबांवर तुळई सरळ डोक्यावर बसवा.

उंचीचा मेळ असा बसतो: उंबऱ्याखाली २ इंच सोडून डेक ३४ इंचांवर. त्यातून फळी १, कडी सव्वासात आणि तुळई सव्वानऊ इंच वजा केली की तुळईच्या तळाखाली साडेसोळा इंच उरतात. त्यातले ४ पायाच्या माथ्याचे, इंचभर पोस्ट बेसचा, बाकी जोडखांब. तुळई म्हणजे २ × १० च्या दोन फळ्या एकत्र. १६ फुटांची जोडी पन्नास-साठ किलोंची होते, म्हणून एकेक फळी चढवा आणि वरच जोडा. दोघांत सहज होतं.

कड्या २ × ८ च्या, १६ इंचांवर, एकूण १३. फळ्या तिरप्या टाकायच्या असतील तर अंतर १२ इंच. एवढ्या गाळ्याला त्या बहुतेक लाकडांत चालतात, तरी तुमच्या लाकडाच्या जातीचा गाळ्याचा तक्ता बघून घ्या. प्रत्येक कडी डोळ्याला लावून तिच्या कडेवरून बघा. थोडी कमान असतेच. कमानीची बाजू वर. तुळईवर प्रत्येक कडीला टाय. जिथे हँगर (कडीचं टोक धरणारे लोखंडी खोबणे) लागतील तिथे त्याच्या सगळ्या भोकांत हँगरचेच जाड खिळे. घरात उरलेले काळे ड्रायवॉल स्क्रू वापरायचा मोह होतो. ते कडक असतात, वाकत नाहीत, कातरीत टचकन तुटतात. तुळयांखालच्या खांबांना दोन्ही दिशांनी तिरके टेकू द्या, कारण भिंतीचा आधार आपण सोडला आहे.

लोखंडाबद्दल दोन शब्द. हल्लीच्या प्रक्रिया केलेल्या लाकडात तांब्याचे क्षार असतात आणि ते साध्या लोखंडाला खातात. म्हणून बोल्ट, खिळे, टाय सगळं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, समुद्र जवळ असेल तर स्टेनलेस. दोन्हींची सरमिसळ एकाच सांध्यात नको. ॲल्युमिनियमची पट्टी या लाकडाला थेट लावू नका. आणि करवतीने कापलेलं प्रत्येक तोंड लगेच कॉपर नॅफ्थेनेटने (कूज रोखणाऱ्या द्रावणाने) रंगवा. प्रक्रिया लाकडाच्या गाभ्यापर्यंत पोचलेली नसते, कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं. संध्याकाळी सगळी तोंडं एकदम रंगवू म्हटलं की निम्मी तोवर सांध्यांत गेलेली असतात. डबा आणि ब्रश करवतीच्या शेजारीच ठेवा.

फळ्या टाकण्याआधी कड्यांच्या माथ्यावर ब्यूटाइलची चिकटपट्टी ओढा. पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकातून, आणि कडी वरून कुजते ती तिथेच. फळी आणि कडी जिथे भेटतात तिथे दोन स्क्रू, कडेपासून पाऊण-एक इंच आत. २५-२६ ओळी धरल्या तर सातशेच्या आसपास स्क्रू होतात, तेव्हा गुडघ्याखाली काहीतरी मऊ घ्या. वाळलेल्या फळ्यांत ३ ते ५ मिलिमीटर फट. ओल्या फळ्या मात्र एकमेकींना भिडवून बसवा. वाळल्या की त्या आपली फट आपणच पाडतात. खांब वर जातो तिथे फळी कोरताना चारी बाजूंना पाव इंच जागा सोडा, भोकाच्या कोपऱ्यात आधी ड्रिलने गोल भोक पाडून मग करवत चालवा म्हणजे कोपऱ्यातून चीर जात नाही. कोरलेल्या तोंडाखाली कडी येत नसेल तर खांबाच्या बाजूला ठोकळा बसवा, नाहीतर पहिल्याच जड पायाखाली तो तुकडा मोडतो.

आता छप्पर. ढाळ फुटाला १ इंच, घरापासून बागेकडे. खांबांमध्ये ९ फूट अंतर, म्हणजे घराकडची तुळई ९ इंच उंच: बागेकडे तळ सव्वासात फुटांवर ठेवला तर घराकडे ८ फूट. घराची वळचण याच्यावर थोडी पुढे येत असेल तर फार उत्तम, फटीतलं पाणी परस्पर छपरावर पडेल. वासे २ × ६ चे, २ फुटांवर. प्रत्येक खांबापासून दोन्ही दिशांनी ४५ अंशांत तिरके टेकू, प्रत्येकी दोन-अडीच फुटांचे, आणि ते शोभेचे नाहीत. पोस्ट बेस खांबाला जागेवर धरतो, ताठ धरत नाही. वरचा चौक झुलायचा थांबतो तो या टेकूंनी. तुम्ही शोभेचा भाग समजून ते पाठवलेल्या आराखड्यातून काढून टाकलेत, ते परत घाला.

पॉलिकार्बोनेट बसवताना घाई केली की पहिल्याच उन्हाळ्यात कळतं. हे प्लास्टिक दर मीटरला, दर अंशाला ०.०६५ मिलिमीटर वाढतं. तुमचा ११ फुटांचा पत्रा पहाट आणि भर दुपार यांच्यातल्या ४० अंशांच्या फरकात जवळपास ९ मिलिमीटर लांब होतो. भोक स्क्रूएवढंच पाडलं तर पत्रा रात्रंदिवस कटकट आवाज करतो आणि शेवटी भोकापासून चिरतो. म्हणून भोकं मोठी, वर रुंद वॉशर, आणि स्क्रू रबर जेमतेम दबेल इतकाच. पत्रा पोकळ असतो, त्याच्या आतल्या नळ्या ढाळाच्या दिशेने उभ्या ठेवा. वरचं तोंड ॲल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद, खालचं तोंड हवा जाऊ देणाऱ्या छिद्रांच्या टेपने. उलटं केलंत तर आत बाष्प साचून शेवाळ चढतं, आणि ते कधीच पुसता येत नाही. अतिनील किरणांपासून जपणारा थर एकाच बाजूला असू शकतो, ती छापील फिल्मची बाजू वर. फिल्म मात्र बसवून झाल्यावर लगेच सोला, उन्हात राहिली तर चिकटून बसते.

धातूचा पत्रा घेतलात तर तो पावसात बोलतो आणि थंड रात्री खालून घाम गाळतो. टिकतो जास्त. बसायची जागा करताय, उजेड हवाय, म्हणून मी पॉलिकार्बोनेटच घेईन.

पन्हळ विसरू नका. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर एवढ्याशा छपरावरून साडेचारशे लिटर पाणी येतं, आणि पन्हळ नसेल तर ते सगळं बागेकडच्या पायांवर पडून त्यांच्याभोवतीची माती नेतं.

कठडा लागणारच. पुष्कळ ठिकाणचा नियम ३० इंचांवरच्या डेकला तो मागतो, तुमचा ३४ इंच आहे. उंची किमान ३६ इंच, उभ्या गजांतली फट ४ इंचांहून कमी, म्हणजे लहान मुलाचं डोकं आत जात नाही. कठड्याचे खांब कड्यांच्या चौकटीला आतून बोल्टने बांधा आणि मागे ठोकळे भरा. नुसत्या कडेच्या फळीला अडकवले तर टेकून उभा राहिलेला माणूस ती फळीच बाहेर ओढतो. पायऱ्या ३४ भागिले ५, म्हणजे प्रत्येकीची उंची ६.८ इंच. पाचही सारख्याच हव्यात. पाऊण इंच कमी-जास्त झालेली पायरी डोळ्याला दिसत नाही, पायाला लागते.

सुतार नको असला तरी दोन ठिकाणी माणूस लावा: दिवे-पंख्याची वायर घालायला वायरमन, आणि जागा वादळी किंवा भुसभुशीत मातीची असेल तर आराखड्यावर नजर टाकायला एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर. खड्डे मारण्याआधीच.

तेल लगेच लावू नका. प्रक्रिया केलेलं लाकूड आतून ओलं येतं. फळीवर पाण्याचे थेंब टाका. ते थेंबच राहिले तर थांबा, दहा-पंधरा मिनिटांत शोषले गेले तर लावा. तेल आत मुरणारंच घ्या. वार्निशचा थर उन्हात सोलतो आणि मग दरवेळी घासत बसावं लागतं. वर्षातून एकदा छपराचे बोल्ट पान्याने तपासा. लाकूड वाळून आकसतं, पहिल्या वर्षी ते सगळे थोडेफार सैल झालेले मिळतील.